पोट लहान करण्याच्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेला तीन वर्षे झाली आणि वजन पुन्हा वाढू लागले आहे. पोट पुन्हा मोठे झाले असेल का?

ताई, तुम्ही लिहिले आहे की तीन वर्षांपूर्वी तुमची स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली, १०८ किलोंवरून तुम्ही ७० पर्यंत आलात आणि गेल्या दहा महिन्यांत काटा हळूहळू ७७ वर गेला. उंची पाच फूट. पोटाची लहान केलेली पिशवी पुन्हा ताणली गेली का, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल का, आणि आता सर्जनसमोर कोणत्या तोंडाने जायचे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण त्याच प्रश्नापायी माझी दोन वर्षे वाया गेली.

मी इंदूरला राहते. माझीही स्लीव्हच, डिसेंबर २०१५ मधली. ११६ किलोंवरून २०१७ च्या उन्हाळ्यापर्यंत मी ७७ वर आले होते. पहिले वर्षभर रुग्णालयातून दर तीन महिन्यांनी फोन यायचा. पुढे तो बंद झाला आणि आपले काम संपले असा मी त्याचा अर्थ लावला. २०१९ मध्ये वजन ८१ झाले. माझे वजन वाढते आहे हे घरातल्या कोणाच्याही आधी आमच्या शिंपीणबाईंना कळले. ब्लाउजची आतली टीप उसवून द्या म्हणून मी गेले, तेव्हा त्यांनी तो उलटा करून शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "काकू, ही तिसरी टीप. आता आत कापड उरलं नाही." त्या दिवशी मी थेट डॉक्टरांकडे जायला हवे होते. पण ज्या बायकांनी हळदीकुंकवाला माझे इतके कौतुक केले होते, त्यांच्या नजरेचीच मला धास्ती वाटू लागली होती, तिथे सर्जनला काय सांगणार? मी गेले ते २०२१ मध्ये, वजन ८८ झाल्यावर. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "८१ ला का नाही आलात?" आणि रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन ९.२ निघाले, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी. दोन वर्षे जिना चढताना लागणारी धाप मी वजनावर ढकलत होते. तिचे मोठे कारण रक्तातच होते आणि केवळ लाजेपायी ते शोधायचे राहून गेले होते.

म्हणून तुम्ही ७७ वर असतानाच विचारलेत याचे मला खरोखर बरे वाटले. सात किलोंवर उपाय करणे हे अकरा किलोंवर करण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

आता पोटाविषयी. स्लीव्हमध्ये पोटाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होते, म्हणून पहिल्या वर्षी भूक जवळजवळ नाहीशी होते आणि हे सगळे आपल्याच निग्रहाने साधले असे वाटू लागते. साधारण वर्ष-दीड वर्षाने शरीर नव्या स्थितीशी जुळवून घेते. भूक परतते, नळीही थोडी सैल होते, आणि कमी झालेल्या शरीराला विश्रांतीच्या वेळीही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा लागते. म्हणजे पहिल्या वर्षी ज्या जेवणावर वजन उतरत होते, त्याच जेवणावर ते तिसऱ्या वर्षी जागच्या जागी राहते. यात तुमचा दोष नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पोटाची बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते आणि दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. तुमची स्लीव्ह आहे, म्हणून फिनलंडच्या अभ्यासाकडे पाहा. तिथे स्लीव्हनंतर पाच वर्षांनी अतिरिक्त वजनापैकी सरासरी ४९ टक्के वजन कमी झालेले होते. तुमच्या उंचीला ५८ किलो धरले तर तुमचे अतिरिक्त वजन ५० किलो होते आणि त्यातले ३१ आजही गेलेलेच आहेत, म्हणजे ६२ टक्के. तुमचे तिसरेच वर्ष आहे, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. पण सगळे मातीमोल झाले असे तुम्ही जे लिहिले आहे, ते या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

नळी फार सैल झाली आहे का, हे एंडोस्कोपीने किंवा बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेने पाहता येते. माझी तपासली, तेव्हा ती ठीक होती. मग अकरा किलो आले कुठून, याचा शोध आहारतज्ज्ञ बाईंनी घेतला, आणि तो प्रसंग मी सविस्तर सांगते, कारण माझा कयास आहे की तुमचेही उत्तर त्यातच सापडेल.

माझे जेवण त्यांना मोजून दाखवले. दुपारी एक पोळी, वाटीभर वरण, थोडी भाजी. तेवढ्यानेच पोट गच्च व्हायचे. "मधल्या वेळी?" "काही नाही, चार वाजता चहा." चहासोबत काय, असे विचारल्यावर मी म्हटले, चिमूटभर शेव. आमच्या इंदूरच्या घरात शेव संपली असे कधी होत नाही; सकाळी पोह्यांवर शेव, वरणावर शेव, पाहुणा आला की शेव. बाईंनी मला डबा भरून वजन करायला आणि चार दिवसांनी पुन्हा करायला सांगितले. त्या दिवसांत जाऊबाई माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे डब्याला हात लावणारी मी एकटीच. चौथ्या दिवशी २६० ग्रॅम शेव कमी भरली, म्हणजे रोजची ६५ ग्रॅम. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. दुपारी एका पोळीवर उठणारी मी चार वाजता तीन पोळ्यांच्या तोडीचे खात होते आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नव्हता. पोळी, उसळ, पनीर, अंडे हे पदार्थ लहान पोटात अडतात, थांबतात आणि पुरे झाल्याची सूचना देतात. शेव, बिस्किटे, खारी, आइस्क्रीम हे चहाबरोबर किंवा नुसतेही विरघळतात आणि नळीतून सरसर उतरून जातात. शस्त्रक्रियेचा अडसर फक्त अडणाऱ्या अन्नाला असतो. घसरत जाणाऱ्या अन्नाला तो कधीच नव्हता.

उपवासाचेही तसेच. मी गुरुवार आणि चतुर्थी करते. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर बटाट्याचा चिवडा: दिवसभर पिष्ट आणि तेल, प्रथिने नावालाच. सासूबाईंना वाटले मी उपवास सोडणार. मी तो सोडला नाही, फराळ बदलला. आता त्या दिवशी दूध, दही, पनीर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे खाते. दोन-तीन महिन्यांनी सासूबाईंनीच त्यांच्या ताटातली खिचडीही कमी केली.

एरवीच्या दिवसांचा माझा नियम जेवणाच्या क्रमाचा आहे. ताटात आधी उसळ, पनीर किंवा अंडे संपवायचे, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी, भात क्वचितच. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सांगितलेली असतात आणि शाकाहारी घरात ती सहज होत नाहीत, म्हणून सुरुवातीचे काही महिने लिहून ठेवावे लागते. जेवताना पाणी प्यायचे नाही, अर्धा तास थांबून प्यायचे. पाण्याबरोबर अन्न लवकर खाली उतरते असे मला सांगितले होते आणि माझा अनुभवही तोच आहे. जेवणाला वीस मिनिटे तरी द्यायची. रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जावेच लागते, आणि जायला मला आवडते. भुट्ट्याच्या किसाची एक प्लेट चौघांत घेते, जिलेबीच्या दुकानापाशी थांबत नाही. चालणे रोज पाऊण तास, आणि आठवड्यातून दोनदा घरीच वजने उचलते, कारण वजनाबरोबर स्नायूही गेलेले असतात.

असे करून मी दीड वर्षात ८८ वरून ८० वर आले आणि गेली तीन वर्षे ७९ ते ८१ मध्ये आहे. ७७ पुन्हा दिसले नाही आणि आता मी त्यामागे धावतही नाही. दर रविवारी सकाळी वजन करते; ८२ दिसले की महिना संपायची वाट न पाहता आहारतज्ज्ञांना फोन करते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात. स्लीव्हचे बायपास करता येते आणि जळजळ फार असेल किंवा वजन बरेच परतले असेल तेव्हा सर्जन ते सुचवतात, पण सात किलोंसाठी त्याची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शने २०२५ पासून भारतात मिळतात आणि अशा वेळी काहींना देतातही. ती घ्यायची की नाही, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. थायरॉइड तपासून घ्या, आणि स्टिरॉइड किंवा नैराश्यावरचे एखादे औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्यांतल्या काहींनीही वजन वाढते.

पूरक गोळ्या तुम्ही बंद केल्या आहेत, हे वाचून मात्र मला काळजी वाटली. त्या आयुष्यभराच्या असतात. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत नकोच. भेटीच्या आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉइड एवढ्या चाचण्या करून घेतल्या, तर पहिल्याच भेटीत बोलणे पुढे जाते. जाताना गेल्या चार दिवसांत तोंडात गेलेले सगळे लिहिलेली वही न्या. चहासोबतचेही, आणि स्वयंपाक करताना चाखलेलेही.