‘अनरिअलाइज्ड गेन’ला ‘अनर्जित नफा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: घर किंवा जमीन विकलेली नसताना नुसत्या वाढलेल्या किमतीवर कर लावावा का, या चर्चेत ‘अनरिअलाइज्ड गेन’साठी ‘अनर्जित नफा’ असा शब्द वाचनात आला. तो बरोबर आहे का?

माझ्या मते हा शब्द इथे वापरू नये. ‘अर्जित रजा’ सरकारी नोकरीतल्या प्रत्येकाला माहीत असते, म्हणजे काम करून कमावलेली रजा. अनर्जित म्हणजे न कमावलेलं, कष्टाविना मिळालेलं. शिवाय महाराष्ट्राच्या महसूल खात्यात हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन विकायची परवानगी मागितली, की आजची किंमत आणि सरकारला भरलेली मूळ रक्कम यांतल्या फरकाला ‘अनर्जित उत्पन्न’ म्हणतात आणि त्यातला ठरलेला हिस्सा सरकारजमा करावा लागतो. तिथे व्यवहार होत असतो. आपल्या प्रश्नात व्यवहारच झालेला नाही. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर तलाठी कार्यालयात खेटे घालणाऱ्या माणसाचा हमखास घोटाळा होईल.

शेअर बाजारातला ‘नफावसुली’ हा शब्द उलटा करून ‘वसूल न झालेला नफा’ म्हणता येईल, पण वसुली म्हटलं की कुणाकडून तरी येणं आहे असं वाटतं. घरमालकाला तर कुणीच काही देणं लागत नाही. मला ‘न वटलेला नफा’ सर्वांत पसंत आहे. हुंडी वटते, चेक वटतो. कागदावरच्या आकड्याचे हातात पैसे येणं हाच त्या क्रियापदाचा जीव. समजा, १२ लाखांना घेतलेला फ्लॅट आज ९० लाखांचा आहे. ७८ लाख वाढले, पण त्यातून या महिन्याचा सोसायटीचा मेंटेनन्ससुद्धा भरता येत नाही. न विकता कर लावण्याला होणारा मुख्य विरोध नेमका हाच आहे आणि तो या शब्दात आपोआप येतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४५ मध्येही भांडवली नफ्यावरचा कर मालमत्तेच्या हस्तांतरणाशीच बांधलेला होता. बोलताना ‘कागदावरचा नफा’ म्हटलं तरी चालेल. ‘काल्पनिक’ मात्र टाळा. किंमत खरोखरच वाढलेली असते.

इथेच ‘मिळकत’ या शब्दाबद्दलही सांगायला हवं. मराठीत मिळकत म्हणजे कमाई आणि मिळकत म्हणजे घरदार, जमीनजुमलाही. त्यामुळे ‘मिळकतीवरचा कर’ असं लिहिलं की आयकर की पुण्यातला मिळकतकर, हे संदर्भावरून ताडावं लागतं. या विषयावर लिहिताना घराला ‘मालमत्ता’च म्हणावं.

मुंबईतला मालमत्ता कर २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे बाजारभावावर बेतलेल्या किमतीवर आहे, म्हणून काहीजण त्यालाच न वटलेल्या नफ्यावरचा कर म्हणतात. तेही बरोबर नाही. तो कर अख्ख्या मूल्यावर असतो. तुम्ही घर कितीला घेतलं होतं, हे तिथे कुणी विचारत नाही आणि नफा काढायचा तर खरेदीची किंमत लागतेच.

किंमत खरेदीपेक्षा खाली आली असेल, तर त्याच धर्तीवर ‘न वटलेला तोटा’ म्हणावं.