बाबा स्वतःच्या अंत्यविधीची वही लिहितायत. काळजी करायची का?

घरातलं वयस्क माणूस आपल्या पश्चात काय करायचं ते बोलू लागलं, की उत्तर ठरलेलं: "असलं अभद्र काही बोलू नका हो." विषय तिथे मिटतो, पण बोलणाऱ्याच्या मनातून जात नाही. मग वही निघते. नेहाने (नाव बदललं आहे, आणि दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत) अशीच एक वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. वडील ७८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, आई गेल्यापासून पुण्यात एकटेच. नेहा जवळच राहते, मोठा भाऊ न्यू जर्सीत. कपाट आवरताना वही हाती लागली आणि तिची झोप उडाली. "बाबांना डिप्रेशन तर नाही ना आलं? उगाच कोण असं लिहीत बसेल?"

पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'मी गेल्यावर'. खाली बँकेच्या खतावणीसारखे क्रमांक घालून कलमं: देहदान करणे. हार-फुले आणू नयेत. दहावा-तेरावा नको. कामाच्या मावशींना दोन महिन्यांचा पगार देणे. आणि सर्वांत शेवटी, पेपरवाल्याचे त्या महिन्याचे बिल चुकते करून पेपर बंद करणे.

पेपरवाल्याची आठवण ठेवणारा माणूस बहुधा आवराआवर करत असतो. तरी 'बहुधा' पुरत नाही, विचारावं लागतं. जेवण-झोप बिघडली आहे का? माणसांत जाणं बंद झालंय का? "मी तुम्हाला ओझं झालोय" हे वारंवार येतं का? जवळच्या वस्तू अचानक वाटून टाकल्यात का, औषधांच्या गोळ्या साठवल्यात का, कुठली तारीख मनात धरली आहे का? यातलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो. आणि थेट विचारायचं: "बाबा, जीव नकोसा होतो का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. बोलायला वाट मिळते, एवढंच होतं.

नेहाने विचारलं. वडील म्हणाले, "वेडी आहेस का? जानेवारीत हंपीला जायचंय मला. तुझ्या आईच्या वेळी तुम्हा दोघांची जी धावपळ झाली ती माझ्या वेळी नको, म्हणून लिहितोय." काळजीचं उत्तर इथे मिळालं. पुढच्या भेटीला ते स्वतः आले, वही घेऊनच. आपल्या जाण्याची सोय आपणच करणं ही काही नवी टूम नव्हे. जिवंतपणीच स्वतःचं श्राद्ध उरकण्याचा जीवच्छ्राद्धाचा विधी धर्मशास्त्रात आहेच.

खरी अडचण वेगळीच होती. नेहाच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, बरीच वर्षं आधी एका वैद्यकीय महाविद्यालयात देहदानाचा अर्ज भरला होता. कार्ड कपाटाच्या खणात. साक्षीदार म्हणून सह्या दोन मित्रांच्या. त्यातला एक आता हयात नाही. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि अग्नी आपण द्यायचा हे त्याने मनात धरलेलं.

इथेच बहुतेक योजना फसतात. अर्ज भरला म्हणजे देहदान झालं असं लोक धरून चालतात. अर्ज ही इच्छा. दान प्रत्यक्ष करतात ते मागे राहिलेले. महाविद्यालयाला फोन त्यांनीच करायचा, संमतीची सही त्यांचीच, आणि जवळच्या नातेवाइकाने हरकत घेतली तर कार्ड कितीही जुनं असो, शरीररचनाशास्त्र विभाग सहसा देह घेत नाही. "मग मृत्युपत्रात घालतो," काका म्हणाले. त्याचाही उपयोग नाही. मृतदेह ही कायद्याने मालमत्ता नसते, त्यामुळे घर-ठेवींसारखी त्याची विल्हेवाट मृत्युपत्राने लागत नाही. शिवाय मृत्युपत्र उघडतं कधी? दिवस वगैरे झाल्यावर. अंत्यविधीचा कागद स्वतंत्र हवा, एकच पान, आणि त्या वेळी दारात जो उभा असेल त्याच्या हातात आधीपासून असलेला.

दुसरी गोष्ट, देह नाकारला जाऊ शकतो. शवविच्छेदन झालेलं असेल, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, क्षयासारखा संसर्ग असेल, अंगभर जंतुसंसर्ग पसरून मृत्यू आला असेल, किंवा फार वेळ गेला असेल, तर विभाग नकार देतो. सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री देह कोण ताब्यात घेणार, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. दिवसा फोन करून आत्ताच विचारून ठेवलेलं बरं. म्हणून कागदावर 'देहदान' या शब्दाखाली दुसरी ओळ हवीच: नाकारल्यास काय. काकांनी लिहिलं, विद्युतदाहिनी. लाकडांवर दहन करायचं तर साधारण ३०० किलो लाकूड जातं, ते त्यांना पटत नव्हतं. ती ओळ लिहिताना नेहाला आठवलं, बाबांना पेसमेकर आहे. दाहिनीच्या उष्णतेने त्याची बॅटरी फुटते, भट्टीला आणि कामगारांना इजा होऊ शकते. दहनापूर्वी तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. मयताच्या गडबडीत हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. कागदावर सगळ्यात वर, लाल शाईने गेलं.

नेत्रदानाचं कलम वहीत नव्हतंच. "देह दिला की डोळे आलेच त्यात," असा काकांचा समज. डोळे नेत्रपेढी आधी काढून नेते आणि त्यानंतरही देह महाविद्यालयाला चालतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, चष्मा, मधुमेह यांनी सहसा अडत नाही. मात्र वेळ कमी, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. पथक घरी येतं, काम अर्ध्या तासाचं. तोवर पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद, एसी चालतो. मुलाचं विमान यायला दिवस लागेल, नेत्रपेढी तेवढं थांबू शकत नाही. म्हणजे हा निर्णय नेहाने एकटीने घ्यायचा आणि भावाने त्याला आधीच हो म्हटलेलं असायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि तिथेच गाडी अडते: डॉक्टरांचा दाखला. मृत्यू घरी झाला तर कारण लिहिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र कोण देणार? त्याशिवाय ना दहनाचा पास मिळतो, ना महाविद्यालय देह घेतं. अलीकडे तपासलेलं नसेल तर डॉक्टर सही करायला कचरतात, ते रास्तच आहे. मग पोलीस, मग शवविच्छेदन, आणि देहदान तिथेच बाद. काकांचे जुने फॅमिली डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेलेले. वहीत नंबर त्यांचाच! गल्लीतल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं आणि रात्री-बेरात्री येणार का, हे त्यांना तोंडावर विचारायचं, असं ठरलं. त्या येते म्हणाल्या. कागदाला आधार कार्डाची प्रत जोडली. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि नाव आधारवरच्यासारखंच पडावं लागतं. 'वसंत'चं 'वसंतराव' झालं तरी पेन्शन आणि विम्याच्या खिडकीवर हेलपाटे सुरू.

पैशाचं थोडक्यात. माणूस गेल्यावर त्याचं एटीएम कार्ड वापरून रक्कम काढणं नियमात बसत नाही, पिन माहीत असला तरी. नेहाबरोबर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं एक संयुक्त खातं, त्यात तेवढ्यापुरते पैसे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागलं, याचं त्यांनाच हसू आलं.

राहिला मुलगा. व्हिडिओ कॉलवर आधी तो चिडला. "बाबा, मला विचारलंसुद्धा नाही तुम्ही. आईच्या अस्थी आपण रामकुंडावर नेल्या. तुमचं काहीच नाही?" त्याचं दुःख देहदानाचं नव्हतं. देह दिला की अस्थी हाती येत नाहीत, आणि हाताने काही करायला उरत नाही, हे त्याला टोचत होतं. देहदानाला विरोध करणाऱ्या मुलांना 'जुन्या विचारांचे' म्हणून गप्प करणं सोपं असतं. पण ऐन वेळी सही देणारा तोच असतो, म्हणून त्याला ऐकून घेणं भाग आहे. दोन बैठका याच्यावर गेल्या. शेवटी काका 'दहावा-तेरावा नको' या कलमावर मागे सरले. देहदानाला मुलाची लेखी संमती. दहाव्याला नाशिकला तो जे करील ते त्याच्या इच्छेने. अस्थींशिवाय विधी कसा करायचा हे त्याने घरच्या गुरुजींना आधीच विचारून घ्यायचं. तेराव्याला पंगत नाही, यावर मात्र काका अडून बसले. "माझ्या नावाने श्रीखंड कोणी खायचं नाही. मला मधुमेहामुळे वीस वर्षं मिळालं नाही." मुलगा हसला, आणि मग बराच वेळ रडला.

अर्ज नव्याने भरला, साक्षीदार नेहा आणि तिचा नवरा. पानाच्या तीन प्रती झाल्या: नेहाकडे, भावाच्या मेलमध्ये आणि काकांच्या औषधांच्या डब्यात, कुलपाच्या कपाटात नव्हे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे त्या पानावर येत नाही. त्याचं वैद्यकीय इच्छापत्र वेगळं करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित नियमांप्रमाणे त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. ते हंपीहून आल्यावर करू, असं काका म्हणाले.