आधी लिफ्टचं घर बघा, विक्रीचं नंतर

पत्र (थोडक्यात) : ताई, सिंहगड रस्त्यावर १९९८ सालच्या चार मजली सोसायटीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. एकूण २४ फ्लॅट. चेअरमन नऊ वर्षं तेच. तीन वर्षं सर्वसाधारण सभा नाही, हिशेब मागितला की ‘ऑडिट चालू आहे’. गच्ची गळते, हॉलचं छत आम्ही दोनदा पदरमोड करून रंगवलं. दिवाळीपासून लिफ्ट बंद आहे, जाळीच्या दाराला लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेली ‘लिफ्ट बंद’ची पाटी अजून तीच. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. निषेध म्हणून ह्यांनी सहा महिने मेंटेनन्स भरलेला नाही. मी म्हणते, फ्लॅट विकून तळेगावला जाऊ. ह्यांना ते पळून जाणं वाटतं. रोज वाद होतात. काय करू?

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं चेअरमनवर आहेत आणि सासूबाईंवर एक वाक्य. मी त्या वाक्यापाशीच थांबले.

माझी आई शेवटची दोन वर्षं अशीच तिसऱ्या मजल्यावर होती. भाजीवाल्याची हाक आली की दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. आम्हाला तिच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. पावशेर मिरच्यांसाठी ती कठड्यावरून दहा दहा मिनिटं त्याच्याशी का बोलत बसते, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं. दिवसभरात घराबाहेरचं तेवढंच माणूस तिच्या वाट्याला येत होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही तिथून निघा, आणि पावसाळ्याआधी निघा. याला पळून जाणं म्हणत नाहीत. पण फ्लॅट आत्ता विकू नका. घर सोडणं आणि घर विकणं या दोन गोष्टी तुमच्या भांडणात एक झाल्या आहेत, त्या वेगळ्या करा.

आज गिऱ्हाईक आलं तर ते चार जिने चढून, धापा टाकत तुमच्या दारात उभं राहील आणि पहिली नजर छतावरच्या ओलीवर जाईल. भाव तिथेच पडेल. शिवाय पुण्यात नवं घर घेताना मुद्रांक शुल्कच सुमारे ७ टक्के, त्यावर नोंदणी, दलाली, सामान हलवणं. हे सगळं रागाच्या भरात करण्यासारखं नाही. त्यापेक्षा अकरा महिन्यांच्या करारावर, चालू लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर भाड्यानं घ्या. करार नोंदवून घ्या. तळेगावचा हट्ट सध्या बाजूला ठेवा. सासूबाईंचे डॉक्टर, देऊळ, ओळखीच्या बायका, सगळं सिंहगड रस्त्यावर असेल तर घरही तिथेच बघा. नाहीतर त्या एका बंद घरातून दुसऱ्या बंद घरात जातील. तुमचा फ्लॅट भाड्यानं दिलात तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) मागेल. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

यजमानांना सांगा, किल्ली आपल्याच खिशात राहणार आहे. सभासदत्व राहतं, भांडायचा हक्कही राहतो. त्यांना जे सोडवत नाहीये ते बहुधा एवढंच असावं.

मात्र मेंटेनन्सच्या बाबतीत ते चुकले आहेत. त्यांचा संताप मला कळतो, पण थकबाकीमुळे तुम्हीच कोंडीत सापडता. बहुतेक सोसायट्यांच्या उपविधींत, म्हणजे नियमावलीत, थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याजाची तरतूद असते, वसुलीचा दाखला निघू शकतो, थकबाकीदाराला कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. उद्या विकायची वेळ आली की ‘नो ड्यूज’साठी त्याच चेअरमनच्या दारात जावं लागेल. याच आठवड्यात सगळी रक्कम चेकनं भरा आणि सोबत ‘हरकत नोंदवून भरत आहोत’ असं पत्र द्या.

आता लढाईचं. आजवर जिन्यात, व्हॉट्सॲपवर, गणपतीच्या मांडवात तुम्ही जे जे बोललात त्याचा एकही कागद तुमच्याकडे नाही, असं पत्रावरून दिसतं. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. चोवीसांत म्हणजे पाच सह्या. गच्चीची गळती दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीचा असतो, तुमचा नाही. तुमच्या इमारतीच्या वयाला दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं आणि वार्षिक सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत. हे चार मुद्दे एका अर्जात लिहा, हिशेबाची पुस्तकं बघायला मागा, अर्जाची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. तरी काही हललं नाही तर तीच फाइल घेऊन उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जायचं. वाट लांबची आहे, तारखा पडतात, माणूस थकतो. म्हणूनच म्हणते, ही वाट चालू लिफ्टच्या घरात राहून चाला.

पाच सह्या मिळाल्या नाहीत तर? तर तुमच्या मनातला अपराधीपणाही संपला असं समजा. शेजाऱ्यांनाच चाड नसेल तर त्यांची इमारत तुम्ही एकट्यानं खांद्यावर घ्यायचं कारण नाही. वर्षभरानं शांत डोक्यानं विका. विक्रीला सोसायटीची एनओसी उपविधींप्रमाणे सक्तीची नाही, पण गिऱ्हाइकाला कर्ज देणारी बँक ती मागते. तेव्हा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), करारनामा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि पावत्या आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा. हस्तांतरणासाठी प्रीमियम मागतील, त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर ‘देणगी’ म्हणून एक पैसाही देऊ नका.

नव्या घराचं स्वयंपाकघर बघण्याआधी तिथला नोटीस बोर्ड बघा. शेवटच्या सभेचा इतिवृत्तान्त कुठला आहे, टँकर किती येतात, लिफ्टच्या देखभालीचा करार कुणाशी आहे, हे वॉचमनला आणि एखाद्या जुन्या भाडेकरूला विचारा. दलाल हे सांगत नाहीत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? १९९८चा आहे, म्हणजे सासऱ्यांनी घेतलेला असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर सासूबाई त्या घरातल्या नुसत्या आजारी माणूस नाहीत, वारस आहेत, कदाचित मालकही. तुम्ही दोघं सहा महिने त्यांच्या डोक्यावरून भांडताय, आणि त्या आतल्या खोलीत सगळं ऐकतायत.

आज संध्याकाळी टीव्ही बंद करून दोघंही त्यांच्याजवळ बसा. खाली उतरल्यावर पहिल्यांदा कुठे जायचंय, असं विचारा. त्या काय म्हणाल्या ते मला लिहा.