जामीन कोण आहे ते बघ

मिरज

प्रिय मुला,
प्रभूमध्ये सलाम.

पत्र वाचून राग आला, तुझ्यावर नव्हे. बाबांचं डायलिसिस चालू असताना 'तुझा विश्वास कमी पडतोय, म्हणून गुण येत नाही' असं सांगणाऱ्याने एक रात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढावी, मग बोलावं. आणि औषध घेणं म्हणजे विश्वास डळमळणं? डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशनचा दवाखाना उभा केला त्या गावात हे ऐकायचं!

देवाची वचनं नीतिमानांसाठी, मग माझ्यासारख्याचं काय, असं तू विचारतोस. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 15वा अध्याय काढ. अब्राम म्हातारा झालाय, पोटी मूल नाही, घरचा चाकर वारस होणार. देव त्याला बाहेर नेऊन तारे दाखवतो. तो विश्वास ठेवतो आणि देव तेच त्याचं नीतिमत्त्व धरतो. त्या घटकेला त्याच्यापाशी दाखवण्यासारखं होतं काय? सुंता झाली ती पुढे, वयाच्या 99व्या वर्षी. मोशेचं नियमशास्त्र तर प्रेषित पौलाच्या हिशेबाने 430 वर्षांनंतरचं. रोमकरांस लिहिताना चौथ्या अध्यायात पौल सुंतेच्या याच क्रमावर बोट ठेवतो.

आणि गंमत बघ, विश्वास ठेवून दोन ओळी होत नाहीत तोच अब्राम विचारतो, 'हे मला कशावरून कळावं?' देव रागावत नाही. कालवड, शेळी, मेंढा आणायला सांगतो. अब्राम त्यांचे दोन-दोन भाग करून समोरासमोर मांडतो, वरून झडप घालणारे पक्षी हाकलत बसतो. सूर्य मावळता मावळता त्याला गाढ झोप लागते. मग अंधारात धुमसती शेगडी आणि जळती मशाल त्या भागांमधून जाते. करार मोडला तर आपलीही गत अशीच होवो, असं म्हणत त्यामधून चालायची रीत होती. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात ती दिसते. इथे अब्राम चाललाच नाही. एकटा देव गेला.

पतसंस्थेचं कर्ज काढलेल्या सांगलीकराला जामीनदार म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. हप्ता थकला की नोटीस त्याच्याही दारात. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. प्रभुभोजनात तू प्याला घेतोस तो याच करारातला. तिथे तुझ्या विश्वासाचं माप कुणी घेत नाही.

मग कसंही वागलं तरी चालेल का? याकोबाचं पत्र तसं म्हणू देत नाही. कृतीवाचून विश्वास निर्जीव, असं तो याच अब्रामाचा, म्हणजे पुढच्या अब्राहामाचा, दाखला देऊन सांगतो. पण मुलगा इसहाक याला अर्पण करायला अब्राहामाने बांधलेली वेदी उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात येते, 15व्यानंतर. निम्म्याअधिक उपदेशांत इथेच उलटापालट होते, असं माझं मत. तू रात्रपाळी उरकून बाबांना घेऊन जातोस ते चांगलंच, पण त्यावर बरं होण्याची किंमत चिकटवू नकोस.

बाबा बरे होतीलच, असं मी लिहून देणार नाही. इब्रीच्या 11व्या अध्यायातली माणसं वचनं दुरून पाहूनच विश्वासात मेली, आणि शास्त्र त्यांचा विश्वास कमी होता असं कुठेही म्हणत नाही.

शुक्रवारी बाबांजवळ मी बसतो, तू झोप काढ. डब्यात काय चालतं ते कळव. पाण्याचं माप आणि पोटॅशियमचं पथ्य असेलच.

तुझा,
काका