परिषदेत पहिल्यांदाच बोलणार आहेस ना?

स्लाइड्स करायला बसण्याआधी एक वाक्य लिहून काढ: तुझं ऐकून गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला काय सांगावं? ते जमेपर्यंत पॉवरपॉइंट उघडूच नकोस.

२० मिनिटं मिळाली असतील तर १५ चीच तयारी कर. प्रश्नांना वेळ लागतो, शिवाय आधीचा वक्ता हमखास लांबवतो. सराव मनातल्या मनात नको. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. पहिली तीन वाक्यं मात्र पाठच असू देत, घसा तिथेच कोरडा पडतो.

माझी पहिली फजिती फॉन्टने केली. सभागृहातल्या कॉम्प्युटरवर तो नव्हताच, आणि आलेखावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! तेव्हापासून पीडीएफची प्रत पेन ड्राइव्हवर असतेच. चहाच्या सुट्टीत जाऊन स्लाइड्स पडद्यावर लावून बघ. शेवटच्या रांगेत बसून तुझेच आकडे वाचता येत नसतील, तर "हे तुम्हाला दिसत नसेल, पण..." म्हणण्यापेक्षा तो तक्ता काढूनच टाक.

प्रश्न आला की आधी माइकवर तो पुन्हा सांग. मागच्यांना ऐकू आलेला नसतो आणि तुलाही विचाराला दोन क्षण मिळतात. उत्तर माहीत नसेल तर सरळ तसं सांग. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच भाषण ठोकणारा एखादा भेटतोच. त्याला "सत्रानंतर बोलू" म्हणायचं आणि पुढचा हात बघायचा.

आणि हो, लेसर पॉइंटर शक्यतो नको. हात थरथरत असला की तो लाल ठिपका सगळ्या सभागृहाला तेच दाखवत बसतो.