वाचकांचे प्रश्न : हाताने बांधलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की किट जोडावे?

प्रश्न : मी भुसावळच्या एका हौशी वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. १९५० च्या दशकातील फेंडर या अमेरिकन कंपनीच्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा आवाज मला हवा आहे. तो कारागिराकडून बांधून घ्यावा, की परदेशी किट (सुट्या भागांचा संच) मागवून स्वतः जोडावे? सोल्डरिंग मला येते, पण व्हॉल्व्हच्या यंत्रावर मी कधी काम केलेले नाही. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्याला हवा असलेला आवाज सर्किट, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा) आणि स्पीकर यांच्या मेळातून येतो, आणि तो मेळ नीट जोडलेल्या किटमध्येही साधतो. फेंडरच्या ‘चॅम्प’ या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची ५एफ१ ही आवृत्ती पाहा. एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) म्हणून ५वाय३, एवढ्या तीन व्हॉल्व्हवर ती सुमारे ५ वॅट देते. कारागिराला आपण जे जास्तीचे पैसे देतो, ते त्याच्या हातातील सफाईचे, चाचणीचे आणि पुढील दुरुस्तीच्या जबाबदारीचे असतात. ही जबाबदारी तो भुसावळपर्यंत कशी निभावणार, हे त्याला आधीच विचारून घ्यावे, कारण काचेचे व्हॉल्व्ह आणि जड ट्रान्सफॉर्मर असलेले यंत्र दर वेळी पार्सलने पाठवणे जोखमीचे आहे. ट्रान्सफॉर्मर गावातच गुंडाळून घ्यावा असे वाटेल, कारण आपल्याकडे पंपांच्या मोटारी रिवाइंड करणारे कुशल हात आहेत. परंतु चांगल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी व सेकंडरी या दोन वेटोळ्यांचे थर एकाआड एक गुंडाळावे लागतात आणि ते काम त्यांच्या रोजच्या कामाहून फार वेगळे आहे.

माझा कल किटकडे आहे, कारण स्वतः जोडलेल्या यंत्राचा प्रत्येक सांधा आपल्याला माहीत असतो. मात्र एक अट मी मनापासून घालतो. या यंत्रात ३०० व्होल्टहून अधिक डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून डीसी दाब स्थिर करणारे भाग) तो धरून ठेवू शकतात. त्या धक्क्याने जीव जाऊ शकतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी योग्य रेझिस्टरमधून ते रिकामे करावेत आणि दाब उतरल्याची मीटरने खात्री करावी. पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प (वीजपुरवठ्याच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावावा, स्पीकर जोडलेलाच ठेवावा आणि घरातील अर्थिंग आधी तपासून घ्यावे. अशा दाबावर काम केलेली एखादी अनुभवी व्यक्ती शेजारी बसणार नसेल, तर किटचा विचार सोडून तयार अ‍ॅम्प्लिफायरच घ्यावा.

मागणी नोंदवताना पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० किंवा २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठी असल्याचे लेखी विचारावे. अमेरिकेतील पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर फक्त दाब उतरवतो, वारंवारता बदलत नाही, आणि केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतो. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जात असताना ही अधिकची उष्णता परवडणारी नाही. त्याच कारणाने मागची बाजू भिंतीला टेकवू नये. १२एएक्स७ आणि ६व्ही६ यांच्या हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) या सर्किटमध्ये ६.३ व्होल्ट लागतात आणि घरचा वीजदाब बदलला की तेही बदलतात. आपल्या भागात वीजदाब चढ-उतार करत असेल, तर तो मोजून पाहावा आणि गरज पडल्यास स्टॅबिलायझर लावावा.

ड्रम आणि ढोलकीसोबत ५ वॅट पुरणार नाहीत. कार्यक्रमात स्पीकरसमोर माइक ठेवावा. दोन ६व्ही६ असलेले फेंडरच्याच ‘डिलक्स’ अ‍ॅम्प्लिफायरचे ५ई३ सर्किट साधारण १२ वॅट देते, पण ते दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावे.

किटसोबत लाकडी कॅबिनेट मागवू नये. त्या काळातील कॅबिनेट पाइनचे असत आणि तसे कॅबिनेट गावातला चांगला सुतार करू शकतो. फक्त स्पीकरच्या भोकाचे माप चॅम्पचा ८ इंची स्पीकर प्रत्यक्ष हाती आल्यावरच त्याला द्यावे.