जुळे सोलापूरला भाड्याने राहायचं तर आधी पाण्याची पाळी विचारा

तुम्ही विचारलंय की पुण्याहून सोलापूरला बदली झाली आहे, बँक सात रस्त्याजवळ आहे, सोबत बायको, पाचवीतली मुलगी आणि आई आहेत. आईंना शांत जागा हवी, म्हणून जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडे भाड्याने घर घ्यावं की गावातच राहावं, आणि अडचणी काय येतात?

इकडेच, जुळे सोलापूर-विजापूर रोडच्या बाजूलाच या. फक्त खोल्या, फरशी, किचनचा ओटा बघण्याआधी त्या गल्लीत पाणी कितव्या दिवशी येतं, किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं हे विचारा. मी या भागात आधी भाडेकरू म्हणून राहिले, मग इथंच घर बांधलं आणि आता वरचा मजला आम्ही भाड्याने देतो. दोन्ही बाजूंनी बघून सांगते, इथं माणूस घर बदलतो तो बहुतेक वेळा पाण्यापायी. भाड्यापायी क्वचित.

पुण्याहून आलेल्यांना हे लवकर ध्यानात येत नाही. सोलापुरात रोज पाणी येत नाही. तीन-चार दिवसांनी एकदा येतं, उन्हाळ्यात अंतर आणखी वाढतं. शहराला पाणी मुख्यतः उजनी धरणातून शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीनं येतं, काही टाकळीजवळ भीमा नदीतून आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून. टाकळीचं पाणी सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, म्हणजे आपल्याच बाजूला. पण टाकळीला पाणी पुरवणारा नदीतला औज बंधारा भरायचा तर उजनीतून खाली पाणी सोडावं लागतं. ते सुटायला उशीर झाला, पंपाची वीज गेली, कुठं जलवाहिनी फुटली, की पाळी एका दिवसानं पुढं जाते आणि सगळ्या घराचं धुणं-भांड्याचं गणित बदलतं. नव्या समांतर जलवाहिनीबद्दल लोक तुम्हाला भरपूर सांगतील. घर मात्र आज नळाला जे येतं त्यावर ठरवा.

यातही गल्लीगल्लीत फरक आहे. एकाच कॉलनीत पुढच्या ओळीला पहाटे पाणी आणि मागच्या ओळीला रात्री अकराला, असं इथं सर्रास असतं. पाण्याच्या टाकीजवळच्या घरांचे हौद भराभर भरतात, चढावरच्या शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. म्हणून माझा आग्रह आहे की घर पाण्याच्या दिवशी, पाणी चालू असताना बघायला जा. मालक म्हणेल, 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही हो.' तो खोटं बोलत असेल असं नाही, त्याच्या हौदाला पुरत असेल. तुम्ही शेजारच्या दोन घरच्या बायकांना विचारा. नळाला बादली लावून बघा.

हिशेबही करून ठेवा. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी रोज १३५ लिटर हे माप धरलं तर तुम्हा चौघांना दिवसाला ५४० लिटर लागतात. पाळी लांबली असं धरून पाच दिवसांचे झाले २,७००. म्हणजे जमिनीतला हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून तुमच्या एकट्याच्या वाट्याला तीन हजार लिटरची साठवण हवी. मालक खाली राहत असेल आणि हौद दोघांत एकच असेल, तर ती दुप्पट हवी. गच्चीवर हजार लिटरची एक टाकी आणि खाली काही नाही, असं घर कितीही देखणं असलं तरी सोडून द्या. मोटार कोणाच्या मीटरवर आहे, ती कोण चालू करतं, तुम्ही दोघंही कामावर असताना पाणी आलं तर हौद कोण भरणार, हेही आधीच बोलून घ्या. तुमच्या घरी आई असतील म्हणून हे काम आपोआप त्यांच्यावर येईल. तसं होऊ द्यायचं नसेल तर हौद भरला की नळ आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवायला सांगा, खर्च फारसा नाही. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणारी घरं दिसतील. ते बेकायदेशीर आहे, महापालिका मोटार जप्त करते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या घराचं पाणी त्यात जातं. तसली 'सोय' मालकानं मोठेपणानं दाखवली तर मला तो मालक नको वाटतो.

बोअर असेल तर उत्तम, पण ते वापरायचं पाणी. बहुतेक ठिकाणी जड लागतं, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही. प्यायला नळाचं पाणी गाळून-उकळून किंवा जारचं. बोअर उन्हाळ्यात टिकतो का, हे मार्च ते मेमध्येच कळतं, तेव्हा मागच्या उन्हाळ्याचं विचारून घ्या.

आता शांततेबद्दल. गावात नवी पेठ, टिळक चौकाच्या बाजूला दुकानांची गर्दी, पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट. त्या मानानं इकडं खरंच शांत आहे. संध्याकाळी लोक रस्त्यावर फिरायला निघतात, धर्मवीर संभाजी तलावाकडं जातात, गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात. वस्तीत नोकरदार आणि निवृत्त लोक बरेच, मंगळवेढा, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट अशा तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी येऊन राहिलेले. शेजारच्या घरात कन्नड ऐकू येईल, पलीकडं तेलुगू, आणि तुमच्याशी सगळे मराठीत बोलतील. आईंना आठवड्याभरात मैत्रिणी मिळतील. ही गोष्ट मी ठामपणे सांगते, कारण दुपारी दार उघडं ठेवून बसायची पद्धत इथं अजून आहे.

पण शांत भागातही घराची जागा चुकली तर झोप जाते. विजापूर रोडला अगदी लागून घर घेऊ नका, जड वाहनं आणि हॉर्न रात्रीही असतात. मंगल कार्यालयाच्या मागची गल्लीही टाळा. या बाजूला कार्यालयं पुष्कळ आहेत, आणि लग्नसराईत वरातीचा डीजे खिडकीच्या काचा हलवतो. दिवसा घर बघून फसायला होतं, तेव्हा एकदा रात्री नऊनंतर त्या गल्लीत चक्कर मारा. दिवे लागलेत का, कुत्र्यांची टोळी आहे का, आजूबाजूला किती प्लॉट मोकळे आहेत ते बघा. मोकळ्या प्लॉटवर वेड्या बाभळीचं रान माजतं आणि पावसाळ्यात तिथून साप निघतात. घाबरवायला सांगत नाही, पण लहान मुलगी आहे म्हणून सांगते. प्लॉट साफ असलेली ओळ निवडा.

रस्ते आणि ड्रेनेज का मागे आहेत तेही थोडक्यात समजून घ्या. शहराची हद्द १९९२ साली वाढली, तेव्हा सोरेगाव, मजरेवाडी, बाळे, केगाव, शेळगी अशी भोवतालची गावं महापालिकेत आली. लोक अजून याला हद्दवाढ भाग म्हणतात. काही ठिकाणी रीतसर ले-आउट पडले, तिथं रस्ते रुंद आहेत, बागेची जागा सोडलेली आहे. काही ठिकाणी गुंठेवारीत, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून, प्लॉट विकले गेले, तिथं रस्ता अरुंद आणि कच्चा, सांडपाण्याला शोषखड्डा. काळ्या मातीचा कच्चा रस्ता जून-जुलैत दुचाकीला भारी पडतो. भाडेकरूला सातबारा बघायची गरज नाही, पण पक्का रस्ता दारापर्यंत आहे का आणि सेप्टिक टाकी शेवटची कधी उपसली, हे दोन प्रश्न विचारायची आहे.

घरमालकांचं म्हणाल तर इथं बहुतेक घरं 'खाली मालक, वर भाडेकरू' अशी. याचा तुम्हाला त्रास वाटेल, मला तो फायदा वाटतो. पाणी आलं की हाक मारतात, तुम्ही गावाला गेलात तर दारावर लक्ष असतं, आईंना रात्री बरं वाटेनासं झालं तर खालून माणूस धावत येतो. त्याच्या बदल्यात चौकशा सहन कराव्या लागतात. आडनाव विचारतील, मटण करता का विचारतील. जातीवरून घर नाकारणारे मालक आहेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. एक भाडेकरू बाई आमच्याकडे आल्या त्या चार दारांवरून अशाच परत फिरून आल्या होत्या. तुमच्यावर तशी वेळ आली तर त्या घरासाठी विनवणी करू नका. जो मालक पहिल्या दिवशी आडनावावर अडतो, तो पुढं पाहुण्यांवर अडेल, स्वयंपाकाच्या वासावर अडेल. दुसरं घर नक्की मिळतं.

उन्हाळा पुण्यासारखा समजू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर ती खोली झोपायला घेऊ नका. स्लॅबवर पांढरा थर मारलाय का बघा, नसेल तर करारापूर्वी मारून घ्या. नंतर मालकाला वेळ नसतो. आईंसाठी मी तळमजलाच सुचवेन. जिना नाही, थंड राहतो, आणि हौदातून दोन बादल्या काढणं सोपं जातं.

विजेचं मीटर स्वतंत्र आहे का, हे नक्की पाहा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, महिन्याला १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत असे चढत जातात. मालकाच्याच मीटरवर तुमचं सबमीटर असेल तर दोन घरांचा वापर एकत्र मोजला जातो आणि दोघंही वरच्या टप्प्यात जातात. कूलर चालवायच्या महिन्यांत हा फरक चांगलाच जाणवतो. स्वतंत्र मीटर नसेल तर युनिटचा दर काय लावणार हे लिहून घ्या.

करार तोंडी ठेवू नका. 'इथं कोणी करत नाही' असं सांगतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर त्यालाच शिक्षा होऊ शकते. खर्चही थोडा आहे. मुदतीतल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क (डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरून ते भाड्यात मिळवतात) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. दहा हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आतच बसतं. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या नोंदणी होते, एजंट घरी येऊन करून देतात. मी मालक म्हणून प्रत्येक वेळी नोंदणी करते आणि त्यामुळे माझीही झोप शांत होते. करारात पाणी, मोटारीचं बिल, रंगकाम आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहा. भाडं बँकेतून द्या, रोख दिलं तर पावती घ्या, पावती देणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. घरात शिरताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

जाण्यायेण्याचं सोपं आहे. सात रस्त्याला विजापूर नाक्यावरून दुचाकीनं पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ होतात. होटगी रोडकडून यायचं तर मधे रेल्वेवरचा आसरा पूल लागतो, आणि शाळा-ऑफिसच्या वेळी तिथं वाहनं तुंबतात. म्हणून घर आणि मुलीची शाळा पुलाच्या एकाच बाजूला ठेवा. सिटी बसवर विसंबू नका. शेअर रिक्षा मुख्य रस्त्यावर मिळतात, आतल्या गल्लीत रात्री मिळत नाहीत. पुण्याला जायला मुंबईची वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून सुटते. तिच्यासाठी ओळखीचा रिक्षावाला आदल्या रात्री सांगून ठेवावा लागतो.

घर शोधायला एप्रिल-मेमध्ये या. शाळेचं वर्ष संपलेलं असतं, घरं रिकामी होतात, आणि पाण्याची व उन्हाची परीक्षा त्याच दिवसांत होते. एजंटकडं जाण्याआधी आसरा चौक ते सैफुल या पट्ट्यात एक सकाळ गल्ल्यागल्ल्यांतून फिरा. 'भाड्याने देणे आहे' असे बोर्ड गेटवरच दिसतात. पहिल्या फेरीतच आईंना सोबत आणा आणि शेजारणींशी त्यांनाच बोलू द्या. पाण्याची खरी पाळी आणि मालकाचा स्वभाव, दोन्ही त्यांना तुमच्याआधी कळेल.